विद्यापीठात नव्याने आलात? कोणती सोय कुठल्या खिडकीवर मिळते

तालुक्याच्या गावातून बारावी करून मी शहरात आले, तेव्हा प्रवेश झाला म्हणजे सगळं झालं असं आमच्या घरी वाटलं होतं. फी भरली, पावती घेतली आणि वडील संध्याकाळच्या एसटीने परत गेले. रात्री खोलीवर ती पावती नीट वाचली. ग्रंथालय शुल्क, विद्यार्थी विकास निधी, विमा, वैद्यकीय तपासणी, अभ्यासिका. पैसे कसले घेतलेत हे त्यावर होतं, पण त्या बदल्यात काय मिळतं आणि कुठे मिळतं हे कुणीच सांगितलं नव्हतं. ते कळायला मला पाच वर्षं लागली. काही गोष्टी तर मुदत संपल्यावर कळल्या.

हा लेख महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठात किंवा त्याच्या संलग्न महाविद्यालयात नव्याने आलेल्यांसाठी आहे. १८५७ सालचं मुंबई विद्यापीठ असो की २०११ सालचं गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ, कायदा एकच लागू आहे: महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६. टेबलांची नावं थोडी बदलतात, काम तेच असतं. प्रत्येक सोयीला एक अर्ज असतो आणि एक शेवटची तारीख असते. ती तारीख तुम्हाला शोधत येत नाही, तुम्हीच तिच्या मागावर राहायचं.

१. पहिल्याच आठवड्यात फाइल लावा

वर्षभरात तीच ती कागदपत्रं दहा ठिकाणी मागतात. म्हणून एकदाच बसून हे जमवा:

- दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू स्थितीत
- अधिवास प्रमाणपत्र
- लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर
- चालू वर्षाचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- रेशनकार्डाची प्रत, पासबुकाचं पहिलं पान, फीची पावती, कॅपमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश असेल तर प्रवेशाचं पत्र
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आला असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र
- दिव्यांग असाल तर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र

सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये कमी आकाराच्या स्वच्छ स्कॅन ठेवा. पोर्टलवर फाइलच्या आकाराला मर्यादा असते आणि शेवटच्या रात्री फोटो लहान करत बसणं फार त्रासाचं होतं.

इथे तीन ठिकाणी मुलं अडकतात. पहिलं, उत्पन्नाचा दाखला. त्यावर कोणत्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न आहे आणि तो कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं. गेल्या वर्षीचा दाखला जोडला की अर्ज परत येतो. दुसरं, प्रतिज्ञापत्र. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला राज्य सरकारने मुद्रांक शुल्क माफ केलेलं आहे. तरी तहसीलच्या आवारात स्टॅम्प पेपर घ्यायला लावणारे भेटतात. शांतपणे विचारा, कोणत्या नियमाने लागतो ते.

तिसरं, मूळ कागदपत्रं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट केलंय की संस्थेने मूळ प्रमाणपत्रं तपासून परत द्यायची, अडवून ठेवायची नाहीत. तरी काही मूळ स्वरूपात ठेवून घेत असतील, तर ‘किती दिवसांत परत मिळेल’ हे लेखी मागा.

२. प्रत्येक अर्जाची पोच घ्या

याला मी वेगळा क्रमांक देते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

अर्ज दोन प्रतींत लिहा. कोऱ्या कागदावर हाताने लिहिलेलाही चालतो. वर तारीख, ‘प्रति, मा. प्राचार्य’ किंवा ‘मा. कुलसचिव’, मग विषय, खाली तुमचं नाव, वर्ग, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), फोन नंबर. दोन्ही प्रती आवक-जावक टेबलावर न्या. एक प्रत ते ठेवतील. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि लिपिकाची सही मागून घ्या. तिथेच उभं राहून चारही गोष्टी आहेत का ते बघा, कारण घाईत नुसता शिक्का मारून देतात आणि तारखेशिवाय त्या शिक्क्याचा काही उपयोग नाही. खोलीवर जाण्याआधी त्या प्रतीचा फोटो काढा.

‘साहेब नाहीत, ठेवून जा’ असं म्हणाले तरी ठेवून येऊ नका. पोच मिळत नसेल तर तोच अर्ज महाविद्यालयाच्या अधिकृत ई-मेलवर पाठवा किंवा स्पीड पोस्टने पाठवा. तुम्ही भांडायला आलेले नाही, हे बोलण्यातून समोरच्याला कळू द्या. त्या खिडकीमागे बसलेल्या एका माणसाकडे हजार विद्यार्थ्यांची कामं असतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी पाच मिनिटं गेलात तर काम होणार नाही. सकाळी कार्यालय उघडल्यावर जा.

३. पात्रता, पीआरएन आणि एबीसी

महाविद्यालयाने प्रवेश दिला तरी विद्यापीठाने तुमची पात्रता मंजूर करावी लागते. ती झाली की कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, पक्का होतो. पात्रतेचं काम राहिलं तर वर्ग व्यवस्थित चालू राहतात, पुढे निकाल मात्र राखून ठेवला जातो. दिवाळीपूर्वी कार्यालयात एकदा विचाराच, माझी पात्रता झाली का. सीबीएसई, मुक्त विद्यालय किंवा परराज्यातून आलेल्यांनी तर नक्की विचारा.

दुसरं, एबीसी आयडी. २०२१ पासून श्रेयांकांची (क्रेडिट्सची) बँक सुरू झाली. प्रत्येक विषयाचे श्रेयांक तुमच्या बारा अंकी क्रमांकावर जमा होतात. अभ्यासक्रम मध्येच सोडावा लागला, तर सात वर्षांपर्यंत ते श्रेयांक वापरता येतात. हल्ली याच क्रमांकाला अपार आयडी म्हणतात आणि तो डिजिलॉकरमधून मोफत निघतो. यासाठी कुणाला शंभर रुपये देऊ नका.

खोळंबा होतो तो नावामुळे. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव असतं, कुठे नसतं. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ यांचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन प्रकारचं असतं. नाव जुळलं नाही की गुण जमा होत नाहीत. आधार दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणे करून घ्या, आणि तेही शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याआधी.

४. शिष्यवृत्ती: अर्ज भरला म्हणजे पैसे आले असं नाही

राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी या एकाच पोर्टलवर आहेत. कोणासाठी काय आहे ते थोडक्यात सांगते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. इतर मागास, विमुक्त-भटक्या, आदिवासी, अल्पसंख्याक आणि दिव्यांग विद्यार्थ्यांच्या योजनाही तिथेच दिसतात. मुलींनी आणखी एक बघावं: २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. प्रवेश शासकीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. म्हणजे व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश यात बसत नाही. सीट घेण्याआधी हे माहीत असायला हवं.

आता माझं काय झालं ते सांगते, कारण ही चूक दरवर्षी कुणीतरी करतं.

पहिल्या वर्षी मी अर्ज वेळेत भरला. महाविद्यालयाने मंजूर केला, समाजकल्याणच्या कार्यालयानेही केला. पोर्टलवर रक्कम वितरित झाल्याचं दिसायला लागलं. पण माझ्या पासबुकात काहीच नाही. मी शहरात नवं खातं उघडलं होतं आणि अर्जातही तेच दिलं होतं. चार महिने मी महाविद्यालयाच्या कार्यालयात चकरा मारल्या. शेवटी बँकेतल्या एका ताईंनी विचारलं, ‘आधार कुठल्या खात्याला सीड आहे?’ मला तो शब्दच माहीत नव्हता. सरकारचे थेट लाभाचे (डीबीटीचे) पैसे आधार क्रमांकावर पाठवतात, आणि ते आधारशी सीडिंग झालेल्या खात्यातच पडतात. अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिलाय याला तिथे अर्थ उरत नाही. माझं आधार सहावीत असताना शाळेने उघडून दिलेल्या शून्य शिलकीच्या खात्याला जोडलेलं होतं. त्याचं पासबुक गावी, आईच्या पेटीत, साड्यांच्या खाली होतं. वडिलांनी ते भरून आणलं तेव्हा सगळे पैसे तिथेच पडून होते. तोपर्यंत खोलीभाड्यासाठी मामांकडून उसने घेतले होते.

तुम्ही हे आजच करा. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, तिथे बँकेचं नाव बघा. ती बँक नको असेल तर नव्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरा. ‘आधार लिंक आहे’ असं बँकेत म्हणाले तर पुन्हा विचारा: लिंक आहे की डीबीटीसाठी सीडिंग झालंय? दोन्ही वेगळं आहे. सिमकार्ड घेताना दुकानात उघडून दिलेलं पेमेंट्स बँकेचं खातंही असं मध्ये येऊ शकतं.

अर्ज भरताना पुढच्या गोष्टी पाळा:

नेट कॅफेत फॉर्म भरलात तर मोबाइल नंबर, ई-मेल आणि पासवर्ड तुमचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर दिलेला असतो, पुढच्या वर्षी तो दुकान बदलतो, आणि नूतनीकरणाचा अर्ज अडतो.

प्रोफाइल पूर्ण भरणं आणि योजनेला अर्ज करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रोफाइल शंभर टक्के झाली म्हणून अर्ज गेला असं समजू नका. अर्ज क्रमांक मिळाला तरच तो गेला.

अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो, मग विभागाच्या. दर आठवड्याला स्थिती बघा. त्रुटी काढून परत पाठवला असेल तर दुरुस्तीला मोजकेच दिवस मिळतात. छापील प्रत आणि कागदपत्रं शिष्यवृत्तीच्या लिपिकाकडे नेऊन द्या. पोच!

काही योजनांत शुल्काची रक्कमही विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि ती महाविद्यालयाला भरायची असते. घरात अडचण असते, पैसे खर्च होतात, आणि शेवटच्या वर्षी दाखला मागायला गेल्यावर थकबाकी निघते. आलेल्या रकमेतला निर्वाह भत्ता किती आणि शुल्क किती, हे लिपिकाकडून समजून घ्या.

दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. आपोआप होत नाही.

५. राहण्याचा खर्च

विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं तर उत्तम, पण जागा कमी असतात. समाजकल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागांची शासकीय वसतिगृहं वेगळी असतात, तिथेही अर्ज करा. कारण तिथे जागा मिळाली नाही, तर त्याच आधारावर पुढची दारं उघडतात. अनुसूचित जातीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. या योजनांतून राहण्या-जेवणाची रक्कम थेट खात्यात येते. माझी एक मैत्रीण दोन वर्षं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन राहिली. वसतिगृहात नंबर लागणार नाही म्हणून तिने अर्जच केला नव्हता. त्यामुळे स्वाधारचा विषय तिच्यापर्यंत आलाच नाही.

‘कमवा व शिका’ ही आपल्याकडची जुनी, अभिमानाची गोष्ट. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांनी श्रम करून शिकावं हा विचार रुजवला. आज अनेक विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळामार्फत ही योजना चालते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग, कार्यालय अशा ठिकाणी रोज थोडे तास काम असतं आणि तासाप्रमाणे मानधन मिळतं. मी ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम केलं, आणि त्याचा फायदा पुढच्या मुद्द्यात सांगते. अर्ज सत्राच्या सुरुवातीला निघतात. सूचना फलक वाचत राहा.

प्रवासाचंही बघून घ्या. एसटीच्या विद्यार्थी मासिक पासात दोन तृतीयांश सवलत असते. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहेच. सुट्टीत घरी जायला रेल्वेच्या द्वितीय श्रेणी आणि स्लीपरमध्ये विद्यार्थ्यांना ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी महाविद्यालयाकडून सवलतीचा फॉर्म आणि बोनाफाइड आधी घ्यावं लागतं. तिकीट काढून झाल्यावर काही होत नाही.

६. ग्रंथालय: तुम्ही समजता त्यापेक्षा बरंच मोठं

पुण्यातलं जयकर असो, कोल्हापूरचं खर्डेकर असो, की तुमच्या महाविद्यालयाचं दोन खोल्यांचं ग्रंथालय, पहिल्या दिवशी तिथे गेलेला विद्यार्थी काउंटरवर पुस्तकाचं नाव सांगतो, ‘नाही’ ऐकतो आणि परत जातो. मीही तेच केलं होतं.

पुस्तकाच्या कण्यावर, खालच्या बाजूला, एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते. त्यावर आकडा आणि खाली दोन-तीन अक्षरं असतात. बहुतेक ठिकाणी ही ड्युईची दशांश पद्धत असते. ३३० म्हणजे अर्थशास्त्र, ५४० रसायनशास्त्र, ८९१.४६ मराठी साहित्य. आधी संगणकावरच्या ओपॅक तालिकेत लेखक किंवा विषय टाकून आकडा काढा, मग त्या कपाटापाशी जा. हवं ते पुस्तक बाहेर गेलेलं असलं तरी डाव्या-उजव्या हाताला त्याच विषयाची आठ-दहा पुस्तकं उभी असतात. पुस्तकं लावायचं काम करताना मला हे हाताला कळलं. त्यानंतर मी काउंटरवर पुस्तकाचं नाव विचारणं सोडलं आणि कपाटं चाळायला लागले. माझ्या एमएच्या प्रबंधातली निम्मी पुस्तकं मला अशीच, शेजारच्या पुस्तकांत सापडली.

ग्रंथपालांना हे चार प्रश्न विचारा:

पुस्तकपेढी आहे का? गरजू विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकांचा संच सत्रभर मिळतो. याची जाहिरात फारशी होत नाही.

एन-लिस्टचं लॉगिन मिळेल का? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटमार्फत महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं मिळतात. घरून, मोबाइलवरून वाचता येतात.

‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ आपल्याकडे सुरू आहे का? जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं या योजनेतून खुली झाली. एरवी एका लेखासाठी हजारो रुपये मागतात.

आंतरग्रंथालयीन देवघेव होते का? दुसऱ्या ग्रंथालयातलं पुस्तक आपल्या ग्रंथालयामार्फत मागवता येतं.

प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. तिथे देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, मराठीतले कितीतरी आहेत. आपल्या विषयावर आधी काय काम झालंय ते तिथेच बघा.

अभ्यासिकेचं ओळखपत्र वेगळं असतं. परीक्षेच्या तोंडावर रांग लागते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्येच काढा. आणि शेवटच्या वर्षी ‘नो ड्यूज’, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला लागतो: हरवलेल्या एका पुस्तकापायी पदवीचा दाखला अडलेला मी पाहिलाय. पुस्तक परत केल्याची नोंद तुमच्यासमोर करून घ्या.

७. वर्गात मागे पडायला लागलात तर

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं सत्र जड जातं. प्राध्यापक काय बोलले ते कळतं, पण लिहिता येत नाही. यात तुमच्या बुद्धीचा काही दोष नाही, सवयीचा वेळ जातोय.

वर्गात हात वर करायला संकोच वाटत असेल तर तास संपल्यावर शिक्षकखोलीत जा. ‘सर, मला काहीच समजत नाही’ असं म्हणू नका. वहीत कुठे अडलात त्या ओळीखाली रेघ मारून न्या आणि ती दाखवा. शिक्षक त्या एका रेघेवरून अर्धा तास समजावतात, हा माझा अनुभव आहे. बहुतेक महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक शिक्षक नेमलेले असतात. तुमचे कोण ते विभागप्रमुखांना विचारा. मागे पडलेल्यांसाठी जादा वर्गही असतात. इंग्रजीसाठी भाषा प्रयोगशाळा असेल तर ती वापरा.

परीक्षा मराठीत लिहिता येईल का, हेही परीक्षा विभागाला विचारून घ्या. अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत असं अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचवलं आहे. प्रत्येक विद्यापीठाचा आणि विद्याशाखेचा नियम वेगळा असतो, म्हणून गृहीत धरू नका.

स्वयंम या सरकारी संकेतस्थळावरचे अभ्यासक्रमही श्रेयांकांसाठी धरता येतात, एका सत्रातल्या श्रेयांकांच्या ४० टक्क्यांपर्यंत. नोंदणी करण्याआधी विभागप्रमुखांची लेखी संमती घ्या. नुसतं प्रमाणपत्र मिळवून श्रेयांक मिळत नाहीत.

८. निकाल अनपेक्षित लागला तर

दोन दिवस रडण्यात घालवू नका, कारण मुदत लगेच सुरू होते.

आधी उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करा. उत्तरपत्रिका हातात आली की बेरीज तपासा, पुरवणी जोडलेली आहे का ते बघा, एखादं उत्तर न तपासता राहिलंय का ते बघा. मग विषयाच्या शिक्षकांना दाखवा. त्यांनी गुण वाढतील असं सांगितलं तरच पुनर्मूल्यांकनाची फी भरा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय की तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा माहिती अधिकारात विद्यार्थ्याचा हक्क आहे, त्यामुळे छायाप्रत मागताना संकोच करायचं कारण नाही. मात्र पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढच्या परीक्षेनंतर येऊ शकतो. म्हणून एटीकेटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयाचा परीक्षा अर्ज भरून ठेवा. वाट बघत बसलेल्यांचं सत्र वाया जातं.

९. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या अडचणीही त्यात आहेत, जसं अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित संस्थांत ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयात पाच वर्षांची सूट मिळते. परीक्षेत लेखनिक घेता येतो आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. लेखनिक घेतला नाही तरी हा वेळ मिळतो, हे केंद्रावरच्या पर्यवेक्षकांनाही कधी कधी ठाऊक नसतं. परवानगीचं पत्र परीक्षेच्या महिनाभर आधी घ्या आणि प्रत्येक पेपरला बरोबर ठेवा.

१०. मन थकलं तर

घरची आठवण, पैशांची ओढाताण, मागे पडल्याची लाज हे सगळं एकदम येतं. माझ्या खोलीतली एक मुलगी तीन आठवडे वर्गात गेली नाही. आम्हाला वाटलं ताप असेल. ती रात्रभर जागी असायची आणि सकाळी भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. शेवटी आमच्या एका मॅडम तिला हाताला धरून समुपदेशन कक्षात घेऊन गेल्या. मी शेजारी तीन आठवडे राहून हे ओळखलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या विद्यापीठात समुपदेशक कोणत्या दिवशी बसतात ते आत्ताच, गरज नसताना, माहीत करून घ्या. तिथलं बोलणं गुप्त राहतं, घरी कळवत नाहीत. जिवाला धोका असेल तेव्हाच इतरांना सांगतात. रात्री-अपरात्री केंद्र सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. मैत्रिणीसाठी, भावासाठीही तुम्ही फोन करू शकता.

११. रॅगिंग आणि छळ

रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. नाव न सांगताही तक्रार देता येते. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी स्वतंत्र कायदा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला पाच वर्षं दुसऱ्या संस्थेतही प्रवेश नाही. संस्थाप्रमुखांनी तक्रारीची सात दिवसांत चौकशी करायची असते. ‘सीनियर आहेत, थोडं चालतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे द्यायची. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन फलकावर लावणं बंधनकारक आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देते. लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची असते. अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही इथे तक्रार करू शकतात. मेसेज, कॉल यांचे स्क्रीनशॉट पुसू नका.

१२. कुणीच ऐकत नसेल तर

शिष्यवृत्ती रखडली, निकाल अडला, कागदपत्रं परत देत नाहीत, आरक्षण डावललं, फी परत मिळाली नाही: यासाठी २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने साधारण १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करा. लोकपाल ३० दिवसांत निकाली काढतात. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश, संस्थेच्या रोजच्या कारभाराबाहेरची व्यक्ती. फक्त गुण वाढवून मिळावेत म्हणून तिथे जाऊ नका. तपासणीत ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता आला तरच ते उत्तरपत्रिकेचा विषय घेतात.

अपिलाचा अर्ज एका पानात बसवा. काय झालं, कोणत्या तारखेला झालं, तुम्हाला काय हवंय. त्याला समितीचा निर्णय, संबंधित पावत्या आणि दुसऱ्या मुद्द्यात सांगितलेली, शिक्का आणि तारखेची पहिल्या अर्जाची पोच जोडा.